न खेळलेली राज्यं

जेवणाची सुट्टी संपली होती आणि ती एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर लाल ठिपका कुठे ठेवायचा हे ठरवत होती, तेव्हा टेबलावर पालथा घातलेला फोन थरथरला. तिनं उलटून पाहिलं. 'चष्मेवाले आता खेळत आहेत.' शेजारी हिरवा दिवा, खाली खेळाचं नाव. चष्मेवाले म्हणजे तिचे वडील, आणि वडील गेल्या थंडीत वारले होते. तिनं फोन पुन्हा पालथा घातला, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा, आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. भीती वाटायला थोडा तरी वेळ लागतो, आणि हे त्याच्या आधीच होऊन गेलं. वाटलं ते एवढंच, की चला, आले एकदाचे. जिन्यात ओळखीची पावलं वाजावीत आणि हात आपोआप कडीकडे जावा, तसं. मग कडीपर्यंत गेलेला हात मागे घ्यावा लागला, आणि तो मागे घेणं मात्र जड गेलं.

आग लागली तर बाहेर कसं पडायचं याचे नकाशे काढणं हे तिचं काम. लिफ्टशेजारी, जिन्याच्या तोंडाशी लावलेले असतात आणि कोणी कधी वाचत नाही, ते. प्रत्येकावर एक लाल ठिपका असतो : तुम्ही इथे आहात. यातली खरी मेख अशी, की नकाशा ज्या भिंतीवर लागणार त्या भिंतीकडे तोंड करून उभं आहोत असं समजून तो काढावा लागतो. भिंत बदलली की सगळा मजला फिरवायचा, नाहीतर डावीकडचा जिना उजवीकडे दिसतो आणि माणूस धुरातच शिरतो. आताही ती मनातल्या मनात घरातल्या, वडिलांच्या संगणकाच्या खोलीकडे तोंड करून उभी राहिली. वडिलांच्या खात्यावरून रोज संध्याकाळी तीच खेळत असे. पण ती तर इथे होती. फोन नवा होता, मागच्या आठवड्यात घेतलेला. जुन्यावर हे असले निरोप तिनं कधीचे बंद करून टाकले होते. म्हणजे हे आज सुरू झालं असं नाही, आज कळलं इतकंच. घरी दुपारची एकटी आई असते. आई, जी त्या संगणकावरची धूळसुद्धा फडक्याच्या टोकानं टिपायची, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तशी.

वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. पन्नाशी उलटल्यावर गिऱ्हाइकांचे नंबर नोंदवायला म्हणून त्यांनी संगणक घेतला, आणि त्यातून त्यांना या खेळांचा शोध लागला. राज्यं वसवायची, रस्ते बांधायचे, सैन्य उभारायचं, तह करायचे आणि ते मोडायचे. वर्षातून दोनदा या खेळांवर मोठी सूट लागे, आणि ते मूठ-मूठ खेळ घेऊन ठेवत. दुकान बंद केलं की निवांत खेळेन, म्हणायचे. "मी चादरी घेतल्या की कपाट भरलं म्हणून बोलता," आई म्हणायची, "आणि स्वतः राज्यं घेऊन ठेवता. ती कुठे घडी घालून ठेवायची?" "राज्यांना जागा लागत नाही गं, म्हणून तर घेतो." आणि मग रात्री जेवताना ते तिला, लेकीला, सांगत बसायचे : हा खेळ ताऱ्यांवरचा, हा घोडदळाचा, यात म्हणे दुष्काळसुद्धा पडतो. बापलेकीची मसलत रंगायची. त्यांच्या मित्रांच्या यादीत एकच नाव होतं, तिचं. यादीत एकटा दिसतो, बरं नाही वाटत, म्हणून त्यांनीच तिला खातं उघडायला लावलं होतं. आई दारात येऊन विचारायची, "तुमचा दरबार उठला का? पानं घेऊ?" शेवटी त्यांनी दुकान बंद केलं आणि खोलीत खिडकीकडे पाठ करून खुर्ची मांडली. त्या खुर्चीत ते पुरता एक हिवाळासुद्धा बसले नाहीत.

चार दिवस आईसोबत राहावं म्हणून ती आपली भाड्याची खोली सोडून आली आणि मग परत गेलीच नाही. एका संध्याकाळी तिनं वडिलांचा तो साठा उघडला. चित्रांच्या रांगाच रांगा : मुकुटवाले, दाढीवाले, जहाजं, आगीचे लोळ. आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात, खेळलेला वेळ : नाही. नाही. नाही. त्या 'नाही'नं तिला जे झालं ते स्मशानातही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती खेळायला बसली. ज्या क्रमानं त्यांनी घेतले त्याच क्रमानं, प्रामाणिकपणे, हरो किंवा जिंको, शेवटपर्यंत. तिला खेळांची आवड नव्हती. कुणी तरी पान वाढून घेतलं आणि उठून गेलं, ते फुकट जायला नको म्हणून आपण बसून संपवावं, तसं ती ती राज्यं संपवत होती. ऑफिसातून आली की हातपाय धुऊन थेट त्या खोलीत. आई दारात उभी राहून थोडा वेळ बघायची आणि निघून जायची. बाहेरच्यांना वाटे, पोरगी बापाच्या आठवणीत बुडाली आहे. खरं म्हणजे खेळत असताना तिला त्यांची आठवण जराही येत नसे. धान्य कुठून आणायचं, पूल कोण राखेल, एवढंच डोक्यात असे. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्या दिवशी शेवटचं राज्य संपेल त्या दिवसाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

एक खेळ मात्र तिनं वगळला होता. बेटांचा. तेवढ्या एकाखाली 'नाही' नव्हतं. तो त्यांनी खेळला होता, बहुधा दुकानात, दुपारच्या रिकाम्या वेळात. तिनं तो एकदाच उघडला. निळा समुद्र, मधोमध शिडं उतरवून थांबलेलं एक गलबत, अर्धा नकाशा अजून काळा, आणि खाली : तुमची चाल. तिनं चटक्यासरशी बंद केला. असल्या खेळात तुम्ही चाल पूर्ण करेपर्यंत जग थांबून राहतं. दिवस मावळत नाही, शत्रू हलत नाही. आणि हा खेळ त्यांनी सगळ्यांत कडक नियमानं लावला होता : मागे फिरणं नाही. जे कराल ते लगेच जुन्यावर लिहिलं जाणार, दुसरी प्रत कुठेही नाही. काच एकदा घासली की घासली, असं म्हणणाऱ्या माणसाला तोच नियम शोभला असता. म्हणजे जोवर त्याला कोणी हात लावत नाही तोवर तो समुद्र त्यांनी ठेवला तसाच होता. गलबत त्यांच्या हातानं थांबवलं होतं तिथेच होतं. बाकीची सगळी राज्यं ती संपवील. पण त्यांची एक तरी चाल बाकी राहू दे.

आणि फोनवर हिरव्या दिव्याखाली त्याच खेळाचं नाव होतं.

तिनं घरी फोन लावला. आईनं बराच वेळ वाजू दिला.

"काय करतेस?"

"कपडे वाळत घालतेय."

आईच्या मागे समुद्राची गाज येत होती. मधूनच गलबतावरची घंटा.

"कसला आवाज येतोय?"

"कसला? शेजारच्यांनी टीव्ही लावलाय. जेवलीस का?"

"जेवले."

"मग झालं तर. कामाच्या वेळी फोन कशाला करतेस, वरचे बघत असतील."

"आई..."

"काय गं?"

'चाल पूर्ण' लिहिलंय तिथे दाबू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर कपड्यांचं खोटं उघडं पडलं असतं, हे एक. पण तिच्या जिभेवर जे येऊन बसलं ते आणखी काही होतं : त्याला हात लावू नकोस, ते माझं आहे. हे वाक्य आपण जवळजवळ बोललोच होतो याची तिला शिसारी आली. "येताना काही आणू का?" तिनं विचारलं. "काही नको," आई म्हणाली. घंटा पुन्हा वाजली.

शेजारच्या टेबलावरचे जुने नकाशेवाले, ज्यांना सगळे पट्टी म्हणत, तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "बाईसाहेब, पाचव्या मजल्याची माणसं लिफ्टच्या खड्ड्यात उभी केलीत की. तुम्ही इथे आहात, म्हणे! आहेत कसली, गेलीच ती." बोलून गेल्यावर त्यांना काय आठवायचं ते आठवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "डोकं दुखतंय का?" ते म्हणाले. "जा घरी. ठिपका मी काढतो बाहेर." ती निघाली.

बस अर्धी रिकामी होती. खिडकीच्या काचेवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता, त्यातून रस्ता वितळल्यासारखा दिसत होता. लहानपणी दुकानातल्या त्या उंच खुर्चीवर बसलं की असंच दिसायचं. वडील नाकावर ती जड, गोल चौकट चढवायचे आणि काचा बदलत विचारायचे, हे बरं, की हे? कधी कधी ते मुद्दाम तीच काच काढून पुन्हा तीच घालायचे. जवळजवळ सगळे म्हणत, दुसरं बरं. माणसाला नव्याचं बरं म्हणायची सवय असते, ते सांगत, खोटं बोलतो असं नाही. सारखंच आहे असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात एकच भेटलं, एक कॉलेजातली मुलगी. "दोन्ही एकच आहेत. उगाच काय काढघाल करताय?" म्हणाली होती. तिच्याशी त्यांनी लग्न केलं. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती घासून गुळगुळीत झाली होती. आज बसमध्ये तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की ही गोष्ट नेहमी वडील सांगायचे आणि आई नेहमी तेव्हा आत काहीतरी आवरत असायची. डोळ्यांपुढे मात्र येत होता तो माऊसवरचा आईचा हात. ती चुकून दाबेल. किंवा चुकून नाही. दाबलं असेल एव्हाना. गलबत निघालं असेल. बस सिग्नलला थांबली आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं मोठ्यानं जांभई दिली, तेव्हा तिला त्याचा इतका राग आला की तिनं हाताची मूठ उघडून पाहिली, आत काही आहे का.

तिनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. आई वडिलांच्या खुर्चीत बसली होती, पाठ न टेकता, माऊसला दोन बोटं लावून, गरम झाकण उचलतात तशी. ती दचकली नाही.

"लवकर आलीस."

"कपडे वाळले?"

"वाळले," आई म्हणाली, आणि थोडी हसलीही.

"किती चाली खेळलीस?"

"मला कुठे येतं खेळायला? मी काही दाबत नाही. नुसती फिरते." तिनं बाण पडद्याच्या कडेला नेला आणि समुद्र हळूहळू सरकू लागला. "असं कडेला नेलं की पुढचं दिसतं. तू करायचीस ते पाहून शिकले."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी तू असतेस."

मधोमधचं गलबत शिडं उतरवून तिथेच होतं. ती पलंगाच्या कडेला बसली. काही बिघडलं नव्हतं. आई तिला हात धरून बाजारात फिरवावं तशी बेटं दाखवत निघाली. गावांना नावं वडिलांनी दिली होती. मोतीबिंदू नावाचं एक बंदर होतं, धुक्यात. जाडभिंग होतं, ते त्यांचे शाळेतले गणिताचे मास्तर. काचा घासणाऱ्या कारागिराला चांगलं सुपीक बेट मिळालं होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला किल्ला. "आणि हे बघ, दुकानाचा मालक. त्याला दलदल दिलीय," आई म्हणाली. "पण दिलीय." दोघी हसल्या. मग आईनं नकाशा वर नेला, पार उत्तरेला. "आणि ही तू."

एक उघडाबोडका खडक होता. झाड नाही, मासे नाहीत. त्यावर नाव : खारू. हे तिला घरात म्हणत, लहानपणी ती उशीखाली काहीबाही साठवायची म्हणून. आणि त्या खडकाभोवती, खेटून खेटून, वडिलांचं सगळं सैन्य उभं होतं. मधोमधलं ते एक सोडून सगळी गलबतं, सगळ्या तोफा.

"मला खेळातलं कळत नाही," आई म्हणाली, "पण या खडकावर येणार कोण? बाकीची गावं उघडी टाकलीत."

तिला खेळातलं कळत होतं. इतकी राज्यं खेळून एवढं तरी कळायला लागलं होतं, की ही अत्यंत वाईट मांडणी आहे. दक्षिणेला शत्रूची काळी शिडं दाटली होती. वडील हरत होते. एका निरुपयोगी खडकापायी ते सगळी बेटं घालवत होते. तिचे कान तापले. त्यात सुख किती आणि लाज किती हे तिला वेगळं करता येईना. आई तिच्याकडे बघत नव्हती.

"सगळे आहेत," आई म्हणाली. "तो बूट शिवणारा आहे. तुझी आत्या आहे. त्यांच्या दुकानातली मांजरसुद्धा आहे, बघ, ही." मग तिनं बाण काळ्या भागाच्या कडेशी नेला. "हा काळा भाग आहे ना, इकडे काय असतं?"

"तिकडे अजून कोणी गेलेलं नाही."

"तिकडे गाव असू शकतं? यांनी वसवलेलं?"

आपण वसवलेलं गाव कधी काळ्यात नसतं. ज्याचा पहिलाच खेळ असतो त्यालाही हे माहीत असतं. आई रोज दुपारी इथे बसून काय शोधत होती, ते तिला त्या क्षणी समजलं, आणि समजताना ते फार सावकाश समजलं, पायाखालून वाळू सरकावी तसं. "असू शकतं," ती म्हणाली.

दाराची घंटा वाजली. शेजारीण होती, बोलकी. "अहो, पाण्याचं काही कळलं का तुम्हाला?" असं म्हणत तिनं आईला दारातच धरलं. खोलीत ती आणि समुद्र उरले. तिनं बाण दक्षिणेकडे नेला. कोपऱ्यात एक छोटं गाव होतं, ज्याला नाव द्यायचं वडिलांच्या हातून राहून गेलं होतं. संगणकानं आपण होऊन घातलेलं 'नवी वसाहत' अजून तसंच होतं. नाव बदलता येतं. बदललं की ते जुन्यावर लिहिलं जाणार. गलबत जागचं हलणार नव्हतं, पण त्यांनी ठेवलेला समुद्र तो समुद्र राहणार नव्हता, आणि तो आईच्या नाही, तिच्या हातानं मोडणार होता. जी महिनोन्‌महिने त्यावर नागासारखी बसली होती तिच्या. दारात शेजारीण म्हणत होती, "मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं." तिनं आईचं नाव टाइप केलं, पूर्ण, कागदोपत्री आहे तसं. अक्षरं गावावर जाऊन बसली. काही झालं नाही, नुसती एक छोटी टिकटिक.

आई आली ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"हे मघाशी नव्हतं."

"नजरेतून सुटलं असेल. कोपऱ्यात आहे."

"खारू, हा कोपरा मला पाठ आहे."

तिनं बाण गावावरून बाजूला घेतला.

"या नावानं मला बँकेत हाक मारतात," आई म्हणाली. "आणि दवाखान्यात. यांनी एकदाही मारली नाही."

"मग काय म्हणायचे?"

"काही नाही. हाक मारायला माणूस लांब असावं लागतं. मी तिथेच असायचे." मग ती म्हणाली, "असं मी समजत होते."

"पुसू?"

"पुसलं तर आधीचं परत येईल?"

"नाही."

"मग राहू दे." आईनं खुर्ची तिला दिली आणि स्वतः स्टूल ओढून बसली. ती त्या गावाकडे बघत होती, घर भाड्यानं घ्यायचं असल्यासारखी, भिंती, दारं, ओल. "इथे राखायला कोण आहे?"

"कोणी नाही."

"आणि ही काळी शिडं कोणाची?"

"शत्रूची."

"म्हणजे नाव दिलंस आणि मरायला सोडलंस. शाबास." आईनं उत्तरेकडे बोट केलं. "तुझ्याकडची माणसं आण थोडी."

"थोड्यांनी भागणार नाही. सगळी आणावी लागतील. आणि पोचायला बऱ्याच चाली जातील."

"मग? तुला कुठे जायचंय?"

तिनं खडकाभोवतीची गलबतं एकेक करून उचलली. प्रत्येक गलबत त्यांनी हातानं तिथे आणून लावलेलं होतं, दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना. त्यांना वाट दाखवताना तिच्या मानेवर मागून वारा लागल्यासारखं झालं, खिडकी बंद होती तरी. "आता हे दाबायचं," ती म्हणाली. "दाबलं की बाबांनी ठेवलं होतं तसं काही उरणार नाही."

"तुला दाबवत नसेल तर मी दाबते."

"नको," ती म्हणाली आणि तिनं दाबलं.

समुद्र जागा झाला. शिडं चढली, गलबतं खडक सोडून निघाली. मग इतरांच्या चाली सुरू झाल्या, आणि दोघी बघत असतानाच उत्तरेकडच्या काळ्यातून एक शीड बाहेर आलं. त्यामागून दुसरं. मग बरीच. ती शिडं सरळ खडकाकडे वळली.

"अगं बाई," आई पुटपुटली. "म्हणजे यांना माहीत होतं."

माहीत होतं, की नुसती भीती होती, हे आता विचारायला कोणी नव्हतं. पडद्यावर खाली उमटलं : तुमची चाल. जग पुन्हा थांबलं. खडकावर आता एकही माणूस नव्हता, फक्त तिचं नाव होतं.

"वळव त्यांना," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "अजून फार लांब गेली नाहीत. वळव गं."

"नको."

"हट्ट करू नकोस. खडक घेतील ते."

"घेऊ दे."

आईनं माऊसकडे हात नेला. तिनं आईचा तो हात आपल्या हाताखाली धरला, सोडला नाही, आणि त्या दोघींच्या हातांनी गलबतांना दक्षिणेचीच वाट देऊन चाल पूर्ण केली.